चर्चासत्राचं आवतन

सन २०१९. विमानतळासाठी उलव्याकडचा डोंगर फोडत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. पनवेलच्या एका महाविद्यालयात भाषा आणि प्रसारमाध्यमं या विषयावर चर्चासत्र भरलं होतं आणि तिथे मनस्वी आपला पहिला निबंध वाचणार होती.

मालिकेत आगरी बोलणारा माणूस एकतर गुंड असतो नाहीतर विदूषक, आणि त्यामुळे समाज दुखावतो, असा तिचा निष्कर्ष होता. तो सभेत टिकला, तरच पीएचडीला हा विषय घेऊ, असं तिच्या मार्गदर्शक विनिता मॅडमनी बजावलं होतं.

तिची चूक एवढीच, की तिने गावी जाऊन मालूआत्याला उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "ऐकायला ये गं." उरणच्या वाटेवरच्या त्या गावात उंबऱ्यात उभं राहून एका घराला सांगितलं, की साऱ्या भावकीला आवतन गेलं. शहरात राहून पोर हे विसरली होती. आत्या विसरणाऱ्यातली नव्हती.

न्हावा शेव्याच्या कंटेनरांत अडकत अडकत दोन टेम्पो फाटकाशी आले. हळदीला नेसतात तशा एका रंगाच्या साड्या, पुरुषांच्या अंगावर कडक इस्त्री. दारावरच्या स्वयंसेवकाने पास विचारला.

"पास कसला रं? घरचा कार्य हाय," आत्या म्हणाली. "पोरगी सोता येऊन सांगून गेली. सर बाजूला."

मनस्वीचे वडील तुळशीराम मागच्या रांगेत चोरासारखे बसले होते. बंदरावरच्या ऑफिसात कारकून. पोरीशी ते जन्मभर पुस्तकी मराठीच बोलले.

विनिता मॅडम हळूच म्हणाल्या, "मनस्वी, जेवणाची पानं मोजून सांगितलीत. यांना मागे बसव आणि लवकर आटप."

मनस्वीने वाचायला सुरुवात केली आणि मालिकेतला एक तुकडा पडद्यावर लावला. त्यातला आगरी ड्रायव्हर मालकिणीपुढे हात नाचवत बोलू लागला मात्र, सगळी भावकी खो खो हसत सुटली. आत्याने तर शेजारणीच्या पाठीत धपाटाच घातला.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचे लोक काही दुखावलेले दिसत नाहीत."

सभागृह पुन्हा हसलं. मॅडमनी पुढचं पान वाचायची खूण केली. तिने ते पान उलटलं नाही. माइक घेऊन ती खाली उतरली.

"आत्या, का हसलीस?"

"त्याला आपली बोली बोलता येत नाय न् मेला खटपट करतंय. हसू नको त काय करू?"

आत्याची सून म्हणाली, "मना त आवडला बाय. आमचा भाव असाच बोलतो."

मग मनस्वीचं लक्ष वडिलांकडे गेलं. तेवढे एकटेच हसले नव्हते.

"बाबा?"

तुळशीराम उठून उभे राहिले. मग भरल्या सभेत, पोरीपुढे पहिल्यांदाच, घरच्या बोलीत म्हणाले, "हाफिसात माजी नक्कल अशीच करतान. तवा मी पन हसतो. आज नाय हसलो."

मनस्वी व्यासपीठावर परत गेली. "माझा निष्कर्ष चुकलाय," ती म्हणाली. "एकाच हसण्यामागे तीन कारणं निघाली आणि मी घरातली असून एकही विचारलं नव्हतं. शेवटची पानं मी वाचणार नाही. पण विषय सोडणार नाही. घरोघर जाऊन विचारीन आणि पुन्हा इथेच उभी राहीन."

"मग आजचा निबंध मागे घेतलात, असं लिहू का?" अध्यक्षांनी विचारलं.

"अर्धा झाला, असं लिहा."

त्या दिवशी जेवण कमी पडलं. प्राध्यापकांनी आणि भावकीने एका ताटात दोघं दोघं बसून भागवलं.

विनिता मॅडम वर्षभर रागावलेल्या होत्या, पण विषय त्यांनी दिला. आता त्या निवृत्त होऊन नाशिकला असतात. मालूआत्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. अध्यक्षांनी पुढे आपल्या एका लेखात आत्याचं त्या दिवशीचं उत्तर तिच्या नावानिशी छापलं. टाळेबंदीमुळे मनस्वीचं काम लांबलं, तरी तिने ते पुरं केलं, त्याच सभागृहात वाचलं आणि आता ती कळंबोलीला शिकवते. तुळशीराम निवृत्त झालेत. रोज संध्याकाळी लेकीला फोन करून विचारतात, "जेवलीस का गो?"