सिंधूकेट

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात दिल्लीत पक्ष फुटला आणि आमच्या गल्लीतले दोन खुंट बंद झाले. पेपरात फक्त पहिली बातमी आली. आमच्यासाठी दुसरी मोठी होती.

आमची गल्ली कोष्ट्यांची, शहराच्या महाल भागापासून पायी जाण्यासारखी. घरोघर हातमाग. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावावी लागते, नाहीतर विणताना धागा तटातट तुटतो. हे काम घरात मावत नाही. सकाळी, ऊन चढायच्या आत, ताणा गल्लीभर लांबवायचा. एक टोक मारुतीजवळच्या खुंटाला, दुसरं विहिरीजवळच्या. मग खळीत बुडवलेला भलामोठा कुंचा दोघांनी दोन बाजूंनी धरून ताण्यावरून ओढत न्यायचा. दोघांचं पाऊल सारखं पडलं पाहिजे. एकानं घाई केली की कुंचा तिरपा होतो, धागे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटून वाळले की तो ताणा गेला. बायका खळ शिजवतात, तुटलेले धागे जोडतात. कुंच्याला मात्र हात लावत नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज.

आमच्या गल्लीचा कुंचा नत्थूजी आणि रुपराव यांच्या हातात होता. नत्थूजी वयानं मोठे, पक्षाच्या वॉर्ड कमिटीचे अध्यक्ष, झोपतानाही टोपी काढत असतील की नाही याची मला शंका आहे. रुपराव तरणा, त्याच कमिटीचा सेक्रेटरी, बुडाखाली सायकल आणि तोंडात भाषण. पक्षाची निशाणी बैलजोडी, म्हणून गल्ली या दोघांनाही बैलजोडीच म्हणायची, आणि ते खुशाल म्हणू द्यायचे. कुंचा घेऊन निघाले की माणसानं हातातलं काम ठेवून बघावं! एकमेकांकडे न बघता, न बोलता, टोकापासून टोकापर्यंत. मी, आनंदराव, जन्माचा विणकर, उगाच कोणाची तारीफ करणारा नाही. पण त्या दोघांच्या हातचा ताणा म्हणजे ताणा.

तर दिल्लीत पंतप्रधान बाई एकीकडे आणि जुने पुढारी दुसरीकडे, पक्ष कोणाचा यावर जुंपली. पेपरवाल्यांनी बाईंच्या गटाला इंडिकेट आणि जुन्यांच्या गटाला सिंडिकेट अशी नावं ठेवली. नत्थूजी जुन्यांकडे राहिले. रुपराव बाईंकडे गेला आणि सदर भागातल्या सभांना जाऊ लागला. मग एक दिवस भर गल्लीत ठिणगी पडली.

"ज्या पक्षानं देश एक ठेवला, थोच तुम्ही फोडून राहिले," नत्थूजी ओरडले. "आज पक्ष फुटला, उद्या देश फुटन!"

"देश गरिबाचा हाये दादा, म्हाताऱ्यायचा नाही," रुपराव म्हणाला. "बाईनं ब्यांका सरकारजमा केल्या त तुमचं पोट काहून दुखून राहिलं?"

दोघंही देशासाठीच भांडत होते, हे मी शपथेवर सांगतो. देश एक राहावा म्हणून त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मारुतीजवळचा खुंट नत्थूजींच्या दारात. त्यांनी जाहीर केलं की इंडिकेटवाल्याचा ताणा इथे बांधला जाणार नाही. विहिरीजवळचा रुपरावच्या दारात. त्यानं सिंडिकेटवाल्यांना मनाई केली. अर्धी गल्ली यांच्या मागे, अर्धी त्यांच्या. एका खुंटाला ताणा बांधता येत नाही, एवढी अक्कल दोन्ही बाजूंना होती. पण माघार घ्यायची कोणी?

यात मरण झालं सिंधूताईचं. सिंधूताई गल्लीच्या मधोमध राहायची. नवरा गेल्यावर त्याच्या मागावर ती स्वतः बसली, लेक चंद्रकला कांड्या भरू लागली, आणि दोघींनी कोणापुढे हात पसरला नाही. तिच्या मागावरचा ताणा संपला होता. पुढचा तयार होता, पण बिनखळीचा. सूत देणाऱ्या विणकर सोसायटीचा निरोप आला की संक्रांतीची लुगडी वेळेवर आली नाहीत तर सूत दुसऱ्याला जाईल. सूत गेलं की माग गेला, आणि माग गेला की मिलच्या दारात उभं राहून मुकादमाला साहेब म्हणायचं. सिंधूताईला त्यापेक्षा काहीही चाललं असतं.

ती दोघांकडेही जाऊन आली. नत्थूजी म्हणाले, "रुपरावनं माफी मागाव, मंग बोलू." रुपराव म्हणाला, "दादाले राजीनामा द्याले सांग, खुंट तुहाच हाये." सिंधूताई घरी आली आणि रिकाम्या मागाजवळ बसून राहिली. तिला असं हात टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दोघांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून नेहमीसारखा मोठ्यानं पेपर वाचत होतो. शेजारची भागीरथाबाई ऐकायला बसलेली. एका कानानं बहिरी, दुसऱ्यानं हौशी. मी वाचलं, "सिंडिकेटने वेगळी चूल मांडली."

"कोन? सिंधूनं?" भागीरथाबाईनं विचारलं.

मी पुढच्या बातमीत होतो. मान हलवली असेल. झालं! विहिरीवर पाणी भरेपर्यंत सगळ्या बायकांना कळलं की दिल्लीच्या भांडणाला कंटाळून आपल्या सिंधूनं सिंधूकेट नावाची नवी पार्टी काढली, आणि ती पेपरातसुद्धा आली. दुपारी सिंधूताईच्या दारात रांग. पुष्पलता आली, अनुसया आली, धोंडबा विणकराची म्हातारी आई काठी टेकत आली. प्रत्येकीचं एकच म्हणणं, "मले बी तुह्या सिंधूकेटात घे वं."

संध्याकाळी सिंधूताई माझ्यावर येऊन आदळली. "आनंदराव, काय वाचलं गा तुम्ही? माही पार्टी केव्हा निंघाली?"

मी पेपर दाखवला, शब्द समजावून सांगितला. मला वाटलं आता हसेल किंवा शिव्या देईल. तिनं पेपर घडी करून माझ्या हातात दिला. मग तिनं विचारलं, "सिंडिकेटच्या बायका किती, इंडिकेटच्या किती, हे पाहलं का तुम्ही माह्या दारात?"

"दोन्हीकडच्या होत्या."

"मंग हाये माही सिंधूकेट," ती म्हणाली. "उद्या सकाळी सभा. तुम्ही बी या, ताण्याखालच्या काठ्या धराले."

सकाळी गल्लीत पुरुष बाहेर यायच्या आत बायका बाहेर होत्या. चुलीवर खळ रटरटत होती. सिंधूताईनं ताण्याचं टोक उचललं आणि नत्थूजींच्या दारातल्या खुंटाला सरळ गाठ मारली. नत्थूजी टोपी सारखी करत ओट्यावर आले.

"कोनाले इचारून बांधून राहिली वं?"

"दादा, हा ताणा तुमच्या पार्टीचा नाही, त्याच्या बी नाही. सिंधूकेटचा हाये. तुमचं सिंधूकेटसंग काही भांडन हाये का?"

नत्थूजींनी टोपी पुन्हा सारखी केली. अशा पार्टीबद्दल वरून काही आदेश आलेला नव्हता. पलीकडच्या टोकाला भागीरथाबाईनं रुपरावलाही हेच ऐकवलं, आणि त्यानं काय उत्तर दिलं ते तिला ऐकूच आलं नाही. तिनं गाठ मारली.

मग सिंधूताईनं कुंचा उचलला. सगळी गल्ली दारादारात येऊन बघू लागली. दुसरी बाजू भागीरथाबाईनं धरली. पदर खोचून दोघी निघाल्या, आणि मी तुम्हाला सांगतो, सुरुवात बरी झाली. मी ताण्याखालच्या काठ्या सांभाळत बघत होतो. माझा ऊर भरून आला. पण कुंचा खळ पिऊन जड होतो, आणि हात जन्मभर सवयीचा लागतो. पाव गल्ली जाते न जाते तोच भागीरथाबाई मागे पडू लागली. कुंचा तिरपा झाला. ऊन छपरावरून खाली उतरलं. पुष्पलता आणि चंद्रकला बोटांनी धागे सोडवत होत्या, पण चिकटणारे जास्त आणि बोटं कमी. सिंधूताईच्या चेहऱ्यावर घाम होता की डोळ्यातलं पाणी, कळत नव्हतं. आपला माग जाताना ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. तरी तिनं कोणाला हाक मारली नाही.

नत्थूजी ओट्यावरून उतरले. भागीरथाबाईच्या हातून त्यांनी कुंचा घेतला. पण त्यांची ढांग लांब, सिंधूताईची आखूड. कुंचा आणखीच वाकडा. दोन पावलं टाकून ते थांबले आणि समोर बघतच म्हणाले, "रुपराव."

इतक्या दिवसांतला पहिला शब्द. रुपराव सायकल धरून उभा होता.

"धागे वायून राहिले गा," नत्थूजी म्हणाले.

रुपरावनं सायकल सोडली. ती आपटली तरी त्यानं मागे पाहिलं नाही. सिंधूताईच्या हातून त्यानं कुंचा घेतला, आणि बैलजोडी निघाली. काय ते चालणं! एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं पडलंच. चिकटलेले धागे कुंच्याखालून सुटे होऊन निघत होते. मला ओरडून शाबासकी द्यावीशी वाटली.

अर्ध्यावर गेले आणि नत्थूजींना राहवलं नाही. "ब्यांका घेतल्यानं काय देश एक होते?"

"अन् तुमच्या म्हाताऱ्यायनं केला होता काय एक?" रुपराव उखडला.

"केला होता! तू पायन्यात होता तवा!"

"मंग आता आमाले करू द्या ना!"

आवाज चढत गेले. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी लोक आपापल्या माणसाला साथ देऊ लागले. बोटं उगारायला हात मोकळे नव्हते म्हणून माना उडत होत्या. चंद्रकला घाबरून आईजवळ गेली, पण सिंधूताई खळीचं भांडं घेऊन त्यांच्या बाजूनं चालत राहिली.

"भांडा गा, भांडा," ती म्हणाली. "कुंचा थांबवू नका फक्त."

ते थांबले नाहीत. भांडत भांडत विहिरीपर्यंत गेले आणि भांडत भांडत परत आले. दोघांपैकी एकाचंही मत तसूभर हललं नाही, पुढे निवडणुकीतही हललं नाही. ताण्यावर मात्र एक धागा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता.

ऊन चांगलं वर आल्यावर सिंधूताईनं वाळलेल्या ताण्यावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मात्र ती सगळ्यांसमोर रडली. बायकांनी तिला घेरलं. नत्थूजी आणि रुपराव आपापल्या दाराकडे वळले होते, तिनं डोळे पुसून दोघांनाही हाक मारली.

"परवा धोंडबाचा ताणा हाये. दोघंबी या. भांडन उरलं असन, त घेऊन या."