झाडांवरच्या पाट्या

आलापल्लीच्या जंगल ऑफिसात गुणवंतराव सोळा वर्षं कारकून होता, आणि त्यातली अकरा वर्षं त्याने इंग्रजी डिक्शनरी पाठ करण्यात घालवली होती. रोज सकाळी पाच शब्द. ताप असो, पाहुणे असोत, घरात लग्न असो, पाच म्हणजे पाच. एम अक्षरापर्यंत गडी पोचला होता. आता एवढी घासाघीस केल्यावर माणसाला वाटणारच ना, की हेडक्लार्कची खुर्ची रिकामी झाली की आपलीच! वाटत होतंच. जुने हेडक्लार्क दिवाळीआधी पेन्शनवर जाणार होते, आणि सुगंधाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, हेडक्लार्कच्या क्वार्टरातली तुळस कुठे लावायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मग पंचावन्न साली लियाकत आला. चांद्याहून बदली होऊन आपल्याच गावी परतलेला, पंचविशीतला आवक-जावक कारकून. त्याचा बाप नूरुद्दीन गावातच टिनाचं काम करायचा. साहेबांच्या बंगल्यामागे झाडांचा बगीचा होता, जंगलातलं एकेक जातीचं झाड तिथे राखलेलं. त्या प्रत्येक झाडावर लॅटिन नावाची टिनाची पाटी. पाट्या कापायच्या, रंगवायच्या, ठोकायच्या, हे काम नूरुद्दीनचं.

पहिल्याच महिन्यात नागपूरहून एक पत्र आलं. त्यात शब्द होता ‘सबटेरेनियन’. साहेबांनी गुणवंतरावाकडे पाहिलं. गुणवंतराव छताकडे पाहू लागला. एस अजून फार लांब होता हो!

“उधईबद्दल असन, वाळवीबद्दल, साहेब,” कोपऱ्यातून लियाकत बोलला. “सब म्हणजे खाली, सब-इन्स्पेक्टरातलं सब. आन टेरा म्हणजे जमीन. गोखरूच्या वाफ्यातल्या पाटीवर टेरेस्ट्रिस लिवलं हाये, जमिनीले लागून वाढते म्हणून. जमिनीखालची उधई.”

“तू हा शब्द आधी वाचला होतास?”

“नाई साहेब. आजच पाह्यला.”

साहेब खूश झाले. गुणवंतरावाच्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. न वाचलेला शब्द या पोराला येतो! मग मी अकरा वर्षं काय झक मारली?

पोरगा लबाड असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. पण तो गरीब गाईसारखा दुपारच्या सुटीत जवळ येऊन बसायचा आणि म्हणायचा, “भाऊ, सोप्पं हाये. अब्बा पाट्या रंगवत, मी अक्षरं भरू लागत होतो. तवाचे जुने साहेब एकेका नावाचा अर्थ सांगत. लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानाचं. फोलिया पान, मग फोलिएज. पार्वि लहान, फ्लोरा फूल. एक मूळ धरलं का दहा शब्द हाती येतात. तुमी सोबत बसा ना.”

“मले टाइम नाई,” गुणवंतराव म्हणायचा. वेळ होता. बसायची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त राग यायचा.

कडेलोट झाला तो घरातच. वाढता वाढता सुगंधाबाई म्हणाली, “अहो, परमिटातलं ‘मिट’ म्हणजे पाठवणं, खरं का? ट्रान्समिटातही तेच हाये म्हणे.”

गुणवंतरावाच्या हातातला घास हातातच राहिला. चौथी शिकलेली ही बाई! “तुले कोनं सांगितलं?”

“खुर्शीदानं. लियाकतभाऊनं आपल्या बायकोले शिकवलं, तिनं मले. तुमी इतक्या वर्षांत मले एक शब्द सांगतला नाई, अन् ते पाहा कसे...”

“गप राय!” तो ओरडला आणि ताट सोडून उठला. बायकोच्या तोंडी दुसऱ्याची तारीफ, तीही आपल्याच घरात, आपल्याच भाकरीवर. लियाकतचं हसणं खुपू लागलं, त्याचं अक्षर खुपू लागलं, त्याची सायकल भिंतीला टेकलेली दिसली तरी डोकं तापायचं.

वैशाखात बातमी आली की नागपूरचे मोठे साहेब बगीचा पाहायला येणार. आपले साहेब म्हणाले, “पाट्यांचं काम लियाकत, तुझ्या देखरेखीखाली. हे नीट पार पडलं की हेडक्लार्कचं नक्की करून टाकू.” नाव घेतलं नाही, पण नजर कुणाकडे होती ते गुणवंतरावाने पाहिलं.

तीन दिवसांनी, मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळं आलापल्ली दारं लावून पडलं असताना, तो खिशात हातोडी घालून बगीच्यात शिरला. चारोळीच्या झाडावरची ‘लॅटिफोलिया’ काढली, लेंडियाच्या झाडावरची ‘पार्विफ्लोरा’ काढली आणि अदलाबदल करून ठोकली. पाच मिनिटांचं काम. बापाच्या तोंडाला काळं लागलं की पोराचं काय राहतं? घरी येऊन तो घटाघट पाणी प्यायला आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

पुढचं सगळं त्याला हवं तसंच झालं. नागपूरचे साहेब लेंडियाखाली थांबले. वर नखाएवढी पांढरी फुलं लगडलेली आणि खाली पाटी रुंद पानांची! ते नुसते हसले. पण त्या हसण्याने आपले साहेब लालबुंद झाले. पाहुणे गेल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत नूरुद्दीनला झापलं, “डोळे गेले असतील तर घरी बसा!” लियाकत मान खाली घालून उभा होता. पाट्यांचं काम बंद झालं, आणि गावात दोन दिवसांत बोभाटा झाला की टिनवाला नूरुद्दीन आंधळा झाला. गळक्या डब्याला झाल लावून घ्यायलाही कोणी येईना.

साहेबांनी गुणवंतरावाला बोलावलं. “सीनिअर तुम्ही आहात. चौकशी करून इंग्रजीत रिपोर्ट द्या. त्यावर मी दोन्ही गोष्टींचा निकाल लावतो.”

दोन्ही म्हणजे पाट्या आणि खुर्ची. गुणवंतराव हवेत तरंगत घरी आला. आपल्याच चोरीची चौकशी आपल्याकडे! असं नशीब किती जणांचं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरुद्दीन दारात उभा. सोबत खैरुन, त्याची म्हातारी. सुगंधाबाईने चटई टाकली, पाणी दिलं. म्हातारा पाण्याला शिवला नाही.

“दोन दिवसांपासून जेवले नाई हे,” खैरुन म्हणाली.

“भाऊ,” नूरुद्दीन म्हणाला, “तुमी चौकशी करून राह्यले म्हणून आलो. मले काम नोको. पण माझे डोळे गेले नाईत, एवढं लिवून द्या. चला, दाखवतो.”

तो म्हाताऱ्यामागे बगीच्यात गेला. नूरुद्दीनने सागावरची पाटी दाखवली. “हा खिळा पाहा. बोटभर बाहेर हाये. मी पुरा कधीच ठोकत नाई. झाड वाढते ना! पुरा ठोकला तं साल फुगून पाटी फाटते. सगळ्या पाट्या पाहा, असंच हाये. आता या लेंडियाकडं या.”

खिळे मुंडीपर्यंत आत गेले होते. पाटीचा टिन मध्ये वाकला होता, कडेची साल फुटली होती.

“हे माझं काम नाई,” म्हातारा म्हणाला. त्याने पक्कड काढली, दोन्ही खिळे सावकाश बोटभर वर ओढले आणि सालीवरून अंगठा फिरवला. “काय म्हणून इतक्या रागानं ठोकलं असन, भाऊ? झाडानं काय केलं होतं कोनाचं?”

सोळा वर्षं गुणवंतराव जंगल खात्यात होता, आणि पाटी कशी ठोकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. झाड वाढतं, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याला म्हाताऱ्याचाही हेवा वाटला आणि स्वतःची शिसारी आली, दोन्ही एकदमच.

दुपारी त्याने रिपोर्ट लिहायला घेतला. पहिल्या कागदावर दोष नूरुद्दीनवर टाकला. अर्ध्यात आला आणि फाडला. दुसऱ्यावर ‘कोणी अज्ञात इसम’ लिहिला. तोही फाडला. सुगंधाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या दिवशी हातोडी घेऊन भर उन्हात कुठी गेले होते?”

तो फाटके कागद गोळा करू लागला.

“मी कोनाले सांगतलं नाई,” ती म्हणाली. “पण मले तुमची लाज वाटून राह्यली.”

तिसरा कागद लवकर भरला. पाट्या मी बदलल्या, हेव्यापोटी बदलल्या, नूरुद्दीनचा दोष नाही. खाली सही.

साहेब दौऱ्यावर होते. आलेला प्रत्येक कागद आधी आवक-जावकात नोंदायचा, मगच साहेबांच्या टेबलावर जायचा, ही ऑफिसची रीत. म्हणजे कागद लियाकतच्याच हातात द्यायचा होता. गुणवंतरावाने तो त्याच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभा राहिला. खरं सांगायचं तर मनात एक आशा होती. पोरगं भलं आहे, वाचेल, हात धरेल, म्हणेल, जाऊ द्या भाऊ, आणि कागद फाडून टाकेल. सुगंधाबाईलाही सांगता येईल की मी तर दिलाच होता.

लियाकतने कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान तांबडे झाले.

“मले मारलं असतं तरी चाललं असतं, भाऊ,” तो म्हणाला. “अब्बाले काऊन?”

“चुकलो.”

“हो. चुकले.”

त्याने रजिस्टर उघडलं. तारीख घातली, नंबर टाकला, विषयाच्या रकान्यात सुबक अक्षरात चार शब्द लिहिले. मग शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि गुणवंतरावाच्या सहीशेजारी उमटवला. त्याचा हात जरासुद्धा कापला नाही. गुणवंतराव त्या हाताकडे पाहत उभा राहिला, आणि या घटकेलाही, मेला, त्याला त्या हाताचा हेवाच वाटला.