सुटलेलं नदीचं

पुराचं पहिल्या वर्षी अप्रूप असतं, दुसऱ्या वर्षी भीती असते आणि त्यानंतर नुसता कंटाळा असतो. यंदा शाळेत मुक्कामाला आलो तेव्हा आईने सवयीने फळ्याखालचा कोपरा झाडून घेतला. तो आमचा ठरलेला कोपरा. भिंतीवरचा भारताचा नकाशा मला आता तोंडपाठ आहे, आणि त्यात आमची दूधगंगा नदी नाही. आमचं घर मात्र दर एक-दोन वर्षांनी तिच्या पोटात जातं.

मी त्रिशला, बाळगोंडा पाटलांची एकुलती एक मुलगी. निपाणीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या नदीत चाचे आहेत असं मी वर्गात सांगितलं की मैत्रिणी खिदळतात. समुद्र घाट उतरल्यावर, मग चाचे इथे कुठले? त्यांना एकदा पुरात आणून उभं केलं पाहिजे.

आमच्या दोन्ही काठांचा एक जुना रिवाज आहे. बांधलेलं घरचं, सुटलेलं नदीचं, आणि नदीचं ज्याने आधी बांधलं त्याचं. पुरात वाहून आलेला ओंडका, दार, सिलिंडर, शेळी, जे काही असेल त्याला काठावर जो पहिला दावं लावेल तो मालक. अल्याड कर्नाटक, पल्याड महाराष्ट्र, कायदे दोन, पण हा कायदा एकच आणि तो सगळे पाळतात. पल्याडचा भावकू तर जरा जास्तच पाळतो. त्याच्याकडे वाळू काढायची इंजिनाची होडी आहे. पुरात तो अल्याड येतो, बांधलेल्या वस्तूचं दावं कापतो आणि ‘सुटलं बघा’ म्हणतो. मग ते नदीचं झालं, आणि पुढे त्याचं. वकिलालाही असं सुचायचं नाही.

त्या सकाळी त्याने आमची काहील नेली.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. सहा-सात माणसं बसतील एवढी. एरवी तिच्यात गूळ होतो, पुरात ती आमची होडी. सरकारी बोट दुपारी येईल असं कालपासून सांगत होते. म्हणजे वाडीत पाण्यावर चालणारी वस्तू ती एकच. रात्री मी स्वतः ती शाळेच्या फाटकाला बांधली होती. सकाळी फाटकाला हातभर दोरी लोंबत होती आणि तिचं टोक विळ्याने कापल्यासारखं स्वच्छ होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, टेकाडावर होते. आमच्या मळ्यात एक उंचवटा आहे, पुरात वाडीची जनावरं तिथे नेऊन बांधतात. बाकीच्यांनी आपापली जनावरं आधीच ट्रकमधून नातेवाइकांकडे हलवली होती. आप्पांनी हलवली नाहीत. एकोणीसच्या पुरात पाणी टेकाडावर चढलं नव्हतं, म्हणजे ते कधीच चढणार नाही, असा त्यांचा हिशोब. आदल्या संध्याकाळी वैरण घेऊन गेले आणि सात म्हशींपाशीच राहिले. आणि आता सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप फिरत होता, दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार.

“बोट येऊ दे,” आई म्हणाली.

“बोट येईस्तोवर आप्पा ऱ्हातील व्हय?” मी म्हणाले. “मी जातो.” आमच्याकडे पोरीही ‘जातो’, ‘येतो’च म्हणतात, कॉलेजात त्यावरूनही हसतात.

शाळेमागे पोरं खेळत होती ती ट्रॅक्टरची ट्यूब मी ओढून घेतली. कमरेला ऊसतोडीचा कोयता खोचला, हातात एक फळी घेतली आणि पाण्यात शिरले. आई काठावरून ओरडत होती. मला भीती वाटली नाही असं नाही, पण तिच्यापेक्षा राग मोठा होता. त्याहून मोठा थकवा होता. दर पुरात कुणीतरी आपलं काहीतरी न्यायचं आणि आपण ते मागायला जायचं, याचा मला मनापासून वीट आला होता.

भावकूचा माल कुठे असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुराच्या मधोमध अर्धी बुडालेली वीटभट्टी असते, तिच्या उंचवट्यावर. ट्यूब उलटत, गढूळ पाणी पीत मी तिथे लागले. होडी दिसत नव्हती, भावकू पुढच्या खेपेला गेला असावा. काहील होती. शेजारी खुर्च्या, पत्रे, एक फ्रिज. आणि राखणीला अतुल.

अतुल भावकूचा भाचा. एरवी निपाणीत टेम्पो चालवतो. आमची ओळख पुराची. एकोणीस साली आम्ही दोघं तेरा-चौदा वर्षांचे होतो आणि वाहत आलेल्या एकाच सागवानी दाराला दोघांनी हात घातला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. दार मला मिळालं. “जैनाची पोरगी आणि माणूस चावली!” म्हणून आईने आठवडाभर डोकं धरलं. एकवीसच्या पुरात त्याने माझ्याकडे एक भोपळा फेकला, भेट म्हणून. मी तो परत फेकला, त्याच्या डोक्याला लागला. मग मधली वर्षं निपाणीच्या स्टँडवर तो दिसला की मान हलवायचा. मी हलवायची नाही. चोवीसच्या पुरात काहील भोवऱ्यात सापडली तेव्हा त्याने बांबू पुढे केला आणि मी तो धरला. त्यानंतर स्टँडवर मीही मान हलवायला लागले. एवढंच. आमचं जे काही होतं, ते पूर ओसरायच्या वेगाने चाललं होतं.

“ट्यूबवरनं आलीस?” तो उठून उभा राहिला. “मराय आलीस व्हय?”

“काहील सोड.”

“मामा येऊ दे, त्याला इचारतो.”

“आप्पा टेकाडावर हायत, अतुल. दुपारी धरण सोडणार हायत. मामाची वाट बघत बसू?”

त्याचा चेहरा उतरला.

“दावं मीच कापलं,” तो म्हणाला. “मामानं सांगितलं, मी कापलं. टेकाडावर माणूस हाय हे ठावं न्हवतं.”

माझा हात कोयत्यावर गेला. खरं सांगते, त्या क्षणी मी त्याला मारलं असतं. भावकूने कापलं असतं तर नुसता राग आला असता. याने कापलं म्हणून दुखलं, आणि दुखलं म्हणून आणखी राग आला. एवढ्या वर्षांत एक मान हलवायला शिकले मी, ती याच्यासाठी!

“ठावं असतं तर?” मी विचारलं.

“तर कापलं नसतं.”

“आणि माणूस नसतं तर कापाय चालतंय?”

तो काहील पाण्याकडे लोटायला लागला. काहील गोल असते, एकट्याने वल्हवली तर जागच्या जागी गिरक्या घेत बसते. दोघं लागतात. मी त्याच्या अंगावर फळी फेकली आणि स्वतः तिथला एक बांबू उचलला. “वल्हव,” म्हणाले. ट्यूबही काहिलीत टाकली. तो बसला. टेकाडापर्यंत भोवरा आला की तो ‘डावं’ म्हणायचा आणि मी डावीकडे जोर लावायची.

टेकाडावर पाणी चढलं होतं. म्हशी पोटापर्यंत पाण्यात, खुंट्याला आखूड दाव्यांनी बांधलेल्या, माना वर करून हंबरत होत्या. आप्पा मधोमध उभे, मांड्यांपर्यंत भिजलेले, एका हाताने चंद्रीची पाठ थोपटत. चंद्री आमची सर्वांत म्हातारी म्हैस.

“आप्पा, चला.”

“म्हसरं?”

“सोडा. पवतील. म्हसरू पाण्यात मरत न्हाय.”

“सोडली की गेली,” आप्पा म्हणाले. “नदी सगळं पल्याड नेऊन टाकती. तिथं ह्याचा मामा दावं घेऊन उभाच हाय. बांधलेली हायत तोवर माझी हायत. एकोणीसला पाणी हितवरबी आलं न्हवतं. उतरल.”

“आप्पा, बांधून माराय लागलाय तुम्ही त्यास्नी! वाटेतली मुंगी चुकवून चालता आणि हे?”

हे बोलायला नको होतं. त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं झालं. तरी ते हलले नाहीत. हा माणूस लोभी नाही. त्या सात म्हशींना त्यांनी रेडकापासून वाढवलंय, माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलतात. पण रिवाज अंगात असा भिनलेला की दावं सोडणं म्हणजे म्हैस हाताने देऊन टाकणं, आणि देण्यापेक्षा तिच्याशेजारी बुडणं त्यांना सोपं वाटत होतं. पाणी डोळ्यांदेखत वर येत होतं. वैरणीची शेवटची पेंढी तरंगत निघाली.

मी कोयता काढला आणि पाण्यात उतरले.

“तिरशा! हात लावशील तर बघ!”

पहिलं दावं कापलं. दुसरं कापलं. आप्पा माझा हात धरायला आले, अतुलने त्यांना मागून कमरेला मिठी मारली आणि उचलून काहिलीत घातलं. ते ओरडत होते, मला आणि त्याला, कानडीत आणि मराठीत, जे तोंडाला येईल ते. मी रडत होते आणि कापत होते. माझ्याच बापाची जनावरं मी भावकूसारखी सोडत होते. चंद्रीचं दावं पाण्याखाली होतं, चाचपडून कापलं. एकेक म्हैस धारेला लागली, नुसती डोकी आणि शिंगं दिसू लागली, आणि मग पल्याडच्या वळणाकडे ती लहान लहान होत गेली.

शाळेपाशी आलो तेव्हा आप्पा गप्प झाले होते. उतरले आणि मागे न बघता आत गेले. अतुलने काहील फाटकाला पक्की बांधली. मग ट्यूब उचलली.

“कुठं?” मी विचारलं.

“वळणावर. मामाच्या आधी पोचाय पायजे.”

“आणि पोचून?”

त्याने नुसती मान हलवली आणि ट्यूब पाण्यात लोटली. हो की नाही, कळलं नाही. आतून आप्पांचा आवाज आला, “गेला बघ तुझा चोर, म्हसरं बांधाय.” मलाही तेच वाटत होतं.

बोट आली ती संध्याकाळी. तोवर टेकाड दिसेनासं झालं होतं.

पूल पाण्याखाली होता. अतुलचा नंबर वाडीतल्या एकाकडून मिळवला, पण फोन लागत नव्हता, भिजून मेला असणार. आप्पा नकाशाखाली भिंतीकडे तोंड करून पडून असत. आई दिवस मावळायच्या आत ताट पुढे ठेवायची, ते दोन घास खायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. त्यांना वाचवलं याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त झोप यायची आणि झोपले की हंबरणं ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी पूल उघडला. मी दावी गोळा करून खांद्यावर टाकली. कशासाठी, मलाच माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच.

“ती आता नदीची,” आप्पा म्हणाले. चार दिवसांतलं हे पहिलं वाक्य.

“बघून तरी येतो,” मी म्हणाले. मी पुलावर पोचले तेव्हा मागे चपला वाजल्या. आप्पा येत होते, दहा पावलं अंतर ठेवून.

पल्याडच्या वळणावर चिखलाचं रान पसरलं होतं. आणि त्या रानात आमच्या म्हशी चरत होत्या. चंद्री नव्हती. बाकी सगळ्या होत्या, आणि एकीच्याही गळ्यात दावं नव्हतं. मी कापलेल्या दाव्यांचे गळ्यात राहिलेले तुकडेसुद्धा कुणीतरी काढून टाकले होते.

अतुल मध्ये उभा होता. चिखलाने माखलेला, डोळे लाल, हातात काठी. एक म्हैस रस्त्याकडे निघाली तशी तो धडपडत गेला आणि तिला वळवून आणलं. बांधावर चार माणसं बसून मजा बघत होती. त्यातला एक भावकू, मांडीवर दाव्यांचं भेंडोळं घेऊन.

“लई येडं हाय माझं भाचं,” तो आम्हाला बघून म्हणाला. “स्वतः बांधंना, मला बांधू देईना. चार दिस पोटच्या पोरींगत राखत बसलंय. म्या दावं घेऊन गेलो तर म्हणतंय, पहिलं माझ्या गळ्यात घाल.”

मला सगळं एकदम कळलं. त्याने बांधल्या असत्या तर त्या त्याच्या झाल्या असत्या, म्हणजे मामाच्या घरच्या. कुणीच बांधल्या नाहीत, तर त्या अजून नदीच्या. म्हणून चार दिवस, चार रात्री, पावसात, एकाही गळ्याला दोरी लागू न देता हा माणूस सहा म्हशींमागे धावत राहिला होता.

“चंद्री न्हाय घावली,” तो मला म्हणाला. आवाज बसला होता. “लई शोधली. धार ओढून घेऊन गेली बघ.”

आप्पा पुढे आले. त्यांनी माझ्या खांद्यावरचं एक दावं काढलं आणि जवळच्या म्हशीच्या गळ्यात घातलं. बांधावर कुणी हललं नाही, भावकूसुद्धा नाही. रिवाज तो रिवाज. मग आप्पांनी दुसरं दावं घेतलं आणि जाता जाता अतुलच्या पाठीवर हात ठेवला, म्हशीच्या ठेवतात तसा. म्हशींशीच काय ते बोलले.

अतुल माझ्याजवळ आला. त्याच्या मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे हे मला तेव्हा दिसलं, आणि मला तो आवडतो हेही मी तेव्हाच स्वतःशी कबूल केलं. फार आधीपासून आवडतो. दावं कापलं होतं त्याने, ते मी विसरणार नाही. पण हेही विसरणार नाही.

“सगळी बांधली?” त्याने विचारलं.

“आप्पा बांधाय लागलेत.”

“मग मी जरा निजू?”

“नीज,” मी म्हणाले. “मी बसतो हितं.”

तो तिथेच बांधाला टेकून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. त्याचं डोकं घसरून माझ्या खांद्यावर आलं. भावकू बघत होता, आप्पा बघत होते, तरी मी हलले नाही.