कॅसेटची मोडलेली पट्टी

बहात्तर साल असेल. कोपरगावकडच्या त्या उसाच्या गावात कॅसेट कुणी पाहिली नव्हती. मनकर्णेच्या नवऱ्यानं, सहादेवनं, फौजेतल्या सोबत्याबरोबर रेकॉर्डर धाडला आणि एकुलती एक कॅसेट. एका बाजूला त्याचा आवाज. दुसरी कोरी, लेकीचे बोबडे बोल भरून ठेवायला. तो रजेवर आला की ऐकणार होता. आपली बाजू पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांपैकी त्या बाजूची मोडलीय, असं त्यानं त्यातच सांगितलं होतं.

त्याचा पहिलाच शब्द होता, “मनकर्णा”. घरात वडीलधाऱ्यांपुढं तो नुसतं “अगं” म्हणायचा, तेही भिंतीकडं बघून. दुपारी पोरीला निजवता निजवता ती तेवढाच शब्द लावी, टेप मागं घेई, पुन्हा लावी.

लेक चांगुणा “बा, बा” करायला लागली, तशी सासूनं, राहीबाईनं, मच्छिंद्रला बोलावलं. तो लग्नाकार्यात कर्णे लावणारा. त्याच्या जुन्या स्पूलच्या यंत्राला असलं कुलूप ठाऊकच नव्हतं. बटण दाबलं की आधीचं पुसून नवं भरायचं. इथं कोऱ्या बाजूला लाल बटण काही खाली जाईना. मशीनच अडलंय म्हणत त्यानं कॅसेट उलटली आणि पुन्हा दाबलं. बटण अलगद बसलं, चकत्या फिरू लागल्या. पट्टी मोडताना सहादेवची डावी-उजवी चुकली होती! कोरी बाजू बंद, स्वतःची उघडी.

पिठाच्या हातांनी धावत येऊन मनकर्णेनं ते थांबवलं. मागं नेऊन लावलं. नुसती खरखर, मग एकदम, “...कशी हायेस? पोरगी बरी हाय ना?”

“एकच शबूद गेला, वहिनी. बाकी समदं हाय,” मच्छिंद्र ओशाळून म्हणाला.

कोणता शब्द, ते ती कुणाला सांगणार?

तिनं केसातल्या आकड्यानं दुसरी पट्टी मोडली. आधीच्या भोकावर पोस्टाच्या तिकिटाची डिंकाची कड चिकटवली. आता कोऱ्या बाजूला बटण बसलं. चांगुणा मनसोक्त बोलली, रेकॉर्डरला चापट्याही मारून झाल्या.

राहीबाईनं नातीला काखेत घेतलं, मच्छिंद्रला चहाला पुढं घातलं. उंबऱ्यात मागं न बघता म्हणाली, “तूबी बोल काय बोलायचं ते. मला आताशा कमी ऐकू येतं.”

मनकर्णेनं पदर सावरला, यंत्राशी वाकली.

“अहो, तुमचा पहिला शब्द पुसला गेला. आलात की म्हणा. आत्याबाईंसमोर म्हणा.”