खोक्यातली चिठ्ठी

नाव बदलायला दोन मिनिटं लागली असती. एक फाइल उघडायची, तिसऱ्या ओळीतलं भाऊसो ढोले हे नाव पुसायचं, तिथं क्रांती मोहिते असं लिहायचं आणि पाठवून द्यायचं. क्रांतीने गुरुवारी सकाळी साताऱ्यातल्या आपल्या घरी ती फाइल उघडली, दुपारपर्यंत समोर ठेवली आणि जेवण झाल्यावर एक अक्षरही न बदलता बंद केली.

निमित्त होतं समितीच्या पत्राचं. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली जगभरातली माणसं मिळून, बरीचशी हौसेनं, बांधत असतात. तिचे प्रकार पुष्कळ. त्यातल्या एका प्रकारात, म्हणजे या मंडळींच्या भाषेत एका डिस्ट्रोत, प्रोग्रामरांना लागणारा एक कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारं साधन, गेली एकवीस वर्षं आष्ट्याच्या नावावर जात होता. वाळवा तालुक्यातलं आष्टा. मूळ कंपायलर लिहिणारे लोक दूर कुठे कुठे बसलेले. दर चार-सहा महिन्यांनी ते नवी आवृत्ती काढणार. ती आपल्या डिस्ट्रोत नीट बसवायची, तपासायची, तिचं पॅकेज बांधायचं आणि त्यावर आपलं नाव घालून पाठवायचं, एवढं हे काम. नाव अशासाठी, की काही बिघडलं तर पत्र कुणाला लिहायचं ते लोकांना कळावं.

डिस्ट्रो सांभाळणाऱ्या समितीचं म्हणणं असं होतं, की श्री. ढोले यांना तीन महिन्यांत अकरा पत्रं गेली आणि एकाचंही उत्तर आलं नाही. रविवारपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्या कुणी नावही लावलं नाही, तर हे पॅकेज डिस्ट्रोतून काढून टाकण्यात येईल. खाली एका सभासदाने जाता जाता विचारलं होतं, की काम चार वर्षं तुम्हीच करताय हे सगळ्यांना दिसतंय, मग नाव तुमचं का नाही?

आता हे त्या परदेशातल्या माणसाला काय सांगायचं? इकडे दुकान मुलगा चालवतो, पुढे नातू चालवतो, पण थोरला माणूस हयात आहे तोवर पाटीला कुणी हात लावत नाही. चार वर्षांपूर्वी ढोले सरांचा फोन आला होता, ‘‘क्रांते, डोळ्यावर जरा झापड येतीया. हितनं म्होरं तू बघ.’’ क्रांतीने काम घेतलं आणि नाव सरांचंच ठेवलं. सरांना विचारायची गरजही तिला वाटली नाही. मान देताना कुणी विचारतं का?

शिवाय सरांचं लक्ष होतंच की. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा, ‘‘अमुक ठिकाणी गडबड हाय बघ, त्येवढं नीट कर.’’ ती बघायची, तर खरंच तिथे चूक असायची. सत्तरी ओलांडली तरी सर काय बारीक तपासतात, असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं. संक्रांतीपासून मात्र चूक सांगणारा फोन नव्हता. सर फोन करत, मुलांची चौकशी करत आणि ठेवून देत. त्यावरून बाईसाहेबांनी असा निष्कर्ष काढला होता, की आपलं काम आता इतकं चोख झालंय, की सरांना बोट ठेवायला जागा उरलेली नाही. तीन महिने ती त्याच गुर्मीत होती.

शनिवारी सकाळी तिने आष्ट्यावरून जाणारी सांगलीची एसटी धरली. फोनवर हे बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. सर, तुमचं नाव काढते, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

कराड मागे पडलं, तशी ती मनाने त्या खताच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बसली. तिथे हवालदार भाऊसो ढोले यांचा कॉम्प्युटर क्लास होता. फौजेत सिग्नल्समध्ये बावीस वर्षं बिनतारी यंत्रावर काढून माणूस गावी परतला आणि एका बंद पडलेल्या कचेरीतले पाच जुने कॉम्प्युटर घेऊन आला. पोरं यायची नोकरीला लागेल तेवढं शिकायला. क्रांती आली आणि तिथेच रमली. भिंतीवर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. कंपायलर बांधायला अकरा तास लागत आणि वीज सलग चार तासांवर टिकत नसे. म्हणून सरांनी त्या कामाचे तीन तुकडे पाडले होते. वीज गेली, की झालेला तुकडा जपून ठेवायचा. आली, की पुढचा सुरू करायचा. जर्मनीतल्या कुणीतरी विचारलं, हे पॅकेज तीन हप्त्यांत का बांधता? सरांनी त्यांच्या नेहमीच्या तारेच्या भाषेत उत्तर धाडलं, ‘वीज जाते. काम राहते. म्हणून.’ एकेक तुकडा पुरा झाला, की कागदावर भडंग यायचं, वर कांदा चिरलेला. त्या भडंगाची चव क्रांतीला नंतर पुण्यातल्या कुठल्याही हापिसात, कितीही मोठं काम तडीला गेलं तरी, कधी लागली नाही.

आणि ती चिठ्ठी. सरांची सासुरवाडी तासगावची, तिकडे बेदाण्याचं शेड. एकदा सर बेदाण्याचं खोकंच क्लासमध्ये घेऊन आले. ते फोडून आतली चिठ्ठी त्यांनी सगळ्यांना दाखवली. माल कुणी निवडला, त्या बाईचं नाव तिच्यावर होतं. ‘‘द्राक्षं हिची न्हाईत,’’ सर म्हणाले, ‘‘शेड हिचं न्हाई. पर निवडलंय हिनं. एखादा खडा लागला, तर खाणाऱ्याला कळाय पायजे कुणाला बोलायचं ते. आपलं पॅकेज म्हंजे ह्येच.’’ मग सगळ्यांनी मिळून तो धडा खाऊन टाकला.

ती आष्ट्याला पोचली, तेव्हा सर घराच्या ओसरीवर बसले होते. क्रांतीने फाटकातून ‘‘सर’’ अशी हाक मारली, तसे ते ताडकन उठले. ‘‘क्रांती व्हय? ये, ये. बनू न्हाई घरात. लोणंदला गेलीया, लेकीचं दुसरं बाळंतपण. संक्रांतीपासनं तिकडंच हाय.’’

बनू म्हणजे सरांची बायको, क्रांतीच्या बनुकाकी. क्रांती पाया पडली. आशीर्वादाला आलेला हात आधी तिच्या खांद्याला लागला, मग कानाला, आणि मग डोक्यावर गेला. ते तिला जरा विचित्र वाटलं. पण सर घरात इतक्या सराईतपणे चालत गेले, की ती विसरून गेली. त्यांनी स्वतः चहा टाकला. कपात ओतताना मात्र त्यांनी एक बोट कपाच्या काठाआत धरलं होतं. चहा बोटाला लागला, तेव्हा ओतणं थांबलं.

क्रांती बघतच राहिली. ‘‘सर, कवापासनं दिसत न्हाई तुमास्नी?’’

‘‘झापड म्हटलं हुतं की तुला.’’

‘‘झापड म्हंजे ह्ये, असं कुठं म्हणाला हुता?’’

‘‘तसं म्हटलं असतं, तर पळत आली असतीस. तुझी पोरं ल्हान हुती तवा.’’

पळत सोडाच, चार वर्षांत क्रांती चालतसुद्धा आली नव्हती. येते, येते म्हणत दिवाळ्या गेल्या. सातारा ते आष्टा, सकाळी निघून संध्याकाळी परत घरी. तिला स्वतःची लाज वाटली.

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. ‘‘मग सर, त्या चुका? तुमी फोनवर सांगायचा त्या?’’

‘‘मी कशाला शोधतोय? लोक कळवायचे. बनू वाचायची.’’

‘‘काकी? इंग्रजी?’’

सर हसले. बनुकाकी चौथी शिकलेल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण अक्षरं येत होती, मोटारीच्या नंबरपाटीवरची. रोज सकाळी धारा आटोपल्या, की दोघं कॉम्प्युटरपुढे बसत. काकी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर वाचत, टी, एच, ई, आणि सर डोळे मिटून ते कानाने टिपत. बावीस वर्षं ज्याने कड-कट्ट ऐकून एकेका अक्षराचा निरोप उतरवून घेतला, त्याला यात अवघड ते काय! उत्तर सर तसंच अक्षर-अक्षर सांगायचे आणि काकी एका बोटाने ते ठोकायच्या. एका पत्राला सकाळ सरायची. आता काकी नव्हत्या, म्हणून पत्रं तीन महिने तशीच पडून होती.

‘‘अवो सर, कॉम्प्युटर आता सगळं वाचून दाखवतो. मी लावून देते.’’

‘‘लावला हुता की. चार दिस ठेवला. बनूला करमंना, म्हणून काढून टाकला.’’

कॉम्प्युटरवर काकींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातलेला होता. क्रांतीने तो काढला, यंत्र चालू केलं आणि पत्रपेटी उघडली. गेल्या चार वर्षांत पाठवलेल्या उत्तरांची संख्या चारशे सव्वीस होती. तिने पहिलं उघडलं. कुणीतरी खरमरीत लिहिलं होतं, की तुमच्या पॅकेजमुळे आमचं तीन दिवसांचं काम वाया गेलं, तुम्हाला हे जमत नसेल तर सोडून द्या. खाली सरांचं उत्तर होतं, ‘चूक माझी. दिलगीर आहे. दुरुस्ती होईल.’ दुसरं उघडलं. मजकूर वेगळा, शिव्या जास्त, उत्तर तेच. तिसरं, दहावं, पन्नासावं. प्रत्येक तक्रारीतली चूक तिला ओळखू येत होती. ही मुलाला ताप होता तेव्हाची. ही घाईत न तपासता पाठवलेली. ही तर निव्वळ आळसाची. सगळ्या तिच्या होत्या आणि सगळ्यांखाली लिहिलेलं होतं, चूक माझी.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांना ते दिसणार नव्हतं, तरी तिने तोंड फिरवलं.

‘‘मला का न्हाई सांगितलं सर? मी तुमचं नाव मान म्हणून ठेवलं हुतं.’’

‘‘ते मला उमगलं हुतं. म्हणून तर गप बसलो.’’ सर सावकाश म्हणाले. ‘‘आन् शिव्या तुला सुरवातीलाच बसल्या असत्या, तर हात उठला असता तुझा कामावरनं. तवा तू नवी हुतीस. आता न्हाईस.’’

तिने समितीचं पत्र वाचून दाखवलं. सर लगेच म्हणाले, ‘‘मग घाल की तुझं नाव. निवडलंय कुणी?’’

‘‘मी.’’

‘‘मग चिठ्ठी कुणाची?’’

तिने ‘माझी’ म्हटलं ते जेमतेम ऐकू आलं. सरांच्या त्याच कॉम्प्युटरवर तिने फाइल उघडली, तिसऱ्या ओळीवर आली आणि तिथेच अडली. एकवीस वर्षांचं नाव तिच्याच हाताने पुसायचं होतं. सरांनी खुर्ची जवळ ओढली, तिच्या हातावरून चाचपत पुसायच्या कळीवर आपलं बोट ठेवलं आणि दाबून धरलं. ‘‘गेलं का सगळं?’’ त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग त्यांनी एकेक अक्षर पुटपुटत तिचं नाव स्वतः टाइप केलं.

पॅकेज गेलं. आता ते दूर कुठल्याशा यंत्रावर सव्वा तासात बांधून होणार होतं. क्रांती चौकात जाऊन भडंग घेऊन आली. दोघं खात असताना लोणंदहून काकींचा फोन आला. सरांनी तो मोठ्या आवाजावर लावला.

‘‘आवं, पत्रं लय साचली असतील न्हवं?’’ काकी विचारत होत्या. ‘‘मी सोमवारी येतीया. चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय हितं. आता बारकं अक्षर बी दिसतंय मला. रोज दोन उरकू.’’

सरांचा भडंगाचा हात तसाच राहिला. ‘‘ये तू,’’ ते म्हणाले, ‘‘आल्यावर बघू,’’ आणि त्यांनी फोन ठेवला.

क्रांतीला कळलं. नाव गेलं, म्हणजे पत्रंही गेली. उद्यापासून या घरी जगातल्या कुणाचीही तक्रार येणार नव्हती, आणि धारा आटोपल्यावर त्या दोन खुर्च्यांवर कुणी बसणार नव्हतं. सरांनी कळीवर बोट ठेवलं तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं. परतीच्या एसटीत ती इस्लामपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. उसाचे ट्रॅक्टर मागे पडत होते. आपण मान दिला तेव्हा त्यांना शिव्या खायला लावल्या आणि शहाणपण केलं तेव्हा त्यांची सकाळ काढून घेतली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

पहिली तक्रार बुधवारी आली, तिच्या नावाने. पोर्तुगालमधला कुणी होता, चांगलाच तापलेला. चूक कुठे आहे, ते क्रांतीला वाचताक्षणीच दिसलं. पाच मिनिटांचं काम होतं. तिने ते केलं नाही. पत्र तसंच्या तसं आष्ट्याला पाठवलं आणि वर लिहिलं, ‘सर, याला काय उत्तर देऊ?’

मग ती वाट बघत बसली. सकाळ गेली. दुपारी स्वयंपाकघर आवरून ती परत आली, तेव्हा उत्तर येऊन पडलेलं होतं. अक्षरं दोन ठिकाणी चुकलेली होती, म्हणजे टाइप काकींनीच केलेलं.

‘चूक तुझी. दिलगिरी तू कळव. दुरुस्ती सांगतो. पुढचं पत्र लवकर पाठव, बनू वाट बघते.’