माझ्या मागच्या दरवाजाचा रंग

अहो, थांबा जरा. इकडेतिकडे बघू नका, ही दारात उभी असलेली निळी गाडीच तुमच्याशी बोलतेय. हॉर्नशिवाय मला आवाज नाही, आणि हॉर्नने मनातलं सांगता येत नाही. म्हणून इतके दिवस गप्प होते. आज रस्ता रिकामा आहे, तुम्हालाही घाई दिसत नाही, तर ऐकाच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी मी नुसता पत्रा होते. यंत्रांनी मला दाबलं, वाकवलं, ठिणग्या उडवत जोडलं. मग माझ्या आंघोळी सुरू झाल्या. या हौदात बुडव, त्या हौदातून काढ, गंज लागू नये म्हणून अंगाला काय काय चोपड. त्यावर अस्तराचा रंग, त्यावर निळा, आणि सगळ्यात वर काचेसारखा चकाकणारा थर. रंग पक्का व्हावा म्हणून मला तापलेल्या खोलीतून फिरवून आणायचे. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची. का, तर माझ्या अंगावर एक केससुद्धा पडायला नको! तान्ह्या बाळाचेही एवढे लाड होत नसतील. बाहेर आले तेव्हा माझ्यात बघून लोक भांग नीट करत होते, आणि मीही जरा तोऱ्यातच होते.

तोरा काही फार दिवस टिकला नाही.

आम्हा गाड्यांना एका लांबलचक ट्रेलरवर चढवून दूरच्या शोरूमला पाठवलं. तिथे उतरवताना एका माणसाच्या हातातून साखळी निसटली. ती हेलकावा घेऊन आली आणि खण्णकन माझ्या डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर आपटली. हाड मोडलं नाही हो. साधा पोचाही आला नाही. पण कातडी सोलवटावी तसा रंग सोलवटला आणि आतला पत्रा दिसायला लागला.

शोरूमचा मॅनेजर धावत आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "हीच सापडली का? उद्या ही गाडी द्यायचीय. गिऱ्हाईकाला शब्द दिलाय मी."

मागच्या शेडमधल्या पेंटरला बोलावलं. त्याने माझ्या जखमेवरून बोट फिरवलं. "साहेब, रंगाच्या बंद खोलीत आत्ता दुसरी गाडी आहे. हिला इथे उघड्यावर रंग मारला तर धूळ बसेल. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवस काय झाडाला लागलेत? मार इथेच. एवढंसं तर आहे."

पेंटरने दारावरची धूळ फडक्याने झटकली. मग रंगाचा फवारा उचलला. वारा सुटला होता. ओल्या रंगावर धूळ येऊन चिकटली. एका जागी रंग जास्त झाला, त्याचा ओघळ खाली उतरला आणि तसाच वाळला. उरलेलं अंग आरशासारखं आणि हा एवढा दरवाजा रडून तोंड न धुतलेल्या पोरासारखा. वरून त्याच्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि मला पुढे नेऊन उभं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी माणसं आली. मालक लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात. त्यांची आई बरोबर होती, आणि कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी घेऊन त्यांची बायको. मुलीला घरात बबडी म्हणतात. त्या घरातली मी पहिलीच गाडी. दिव्यांच्या झगमगाटात मालक माझ्याभोवती नुसते फिरत होते आणि उगाच हसत होते. आजी सीटवर बसून "मऊ आहे गं बाई" म्हणत होत्या. बबडीची आई मात्र माझ्या मागच्या दारापाशीच उभी. तिने शोरूममध्ये काम करणाऱ्या मुलीला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "मागचं दार आतून मुलांना उघडता येत नाही ना? चालत्या गाडीत नाही ना उघडणार?"

तेव्हाच मी ओळखलं. ही बाई मला गाडी म्हणून बघत नाहीये. आपलं लेकरू कुणाच्या हाती सोपवायचं, ते बघतेय.

घरी आल्यावर आजींनी फर्मान काढलं, "प्लास्टिकला कुणी हात लावायचा नाही. नवी आहे तोवर नवी दिसू दे." त्यामुळे सीट कागदात, दरवाजे प्लास्टिकमध्ये, आणि माझं दुखणं त्या प्लास्टिकच्या आत. बबडी रोज त्याच खिडकीशी बसून गावभर हिंडली. आईने पट्टा दोनदा ओढून बघितल्याशिवाय मला कधी निघू दिलं नाही.

पण उन्हाने प्लास्टिक सैल झालं आणि एका सकाळी बबडीने ते टर्रकन ओढून काढलं. आई ओलं फडकं घेऊन मला पुसत होती. पुढच्या दरवाजावरून मागच्यावर आली आणि तिचा हात थबकला. फडकं खाली ठेवून तिने हाताची मागची बाजू माझ्यावर टेकवली, बबडीचा ताप बघते तशी. मग वाकून तिरक्या नजरेने बघितलं.

"अहो, इकडे या जरा. हे खरखरीत लागतंय. मिठाचे खडे असल्यासारखं. आणि हा ओघळ बघा. रंगसुद्धा पुढच्या दारापेक्षा गडद आहे."

मालक ब्रश तोंडात घेऊनच आले. "सावली असेल गं."

"सावली हाताला लागते का?"

मालकांनी ब्रश तोंडातून काढला. त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. या भाऊजींना जगातल्या सगळ्या गोष्टींवर इलाज ठाऊक. ते म्हणाले, "त्यात काय, टूथपेस्ट घास. आरसा होतो आरसा."

झालं! मालकांनी अर्धी ट्यूब पिळली आणि घसघस घासायला लागले. मी ओरडत होते हो, पण ऐकणार कोण? धुळीचे खडे होते तिथेच राहिले, आणि वरची चकाकी मात्र गेली. वाफ धरलेल्या काचेसारखा भला मोठा पांढुरका डाग पडला.

"काय फरक पडला?" मालकांनी विचारलं.

"पुदिन्याचा वास येतोय," बायको म्हणाली. हसायला सुरुवात केली होती तिने, पण ते हसू ओठांवरच विरलं. कारण वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्यात खाली उतरल्या होत्या.

काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. "नव्या गाडीला रंगवलेला दरवाजा? अगं, ठोकलेली गाडी असणार ही. वरून रंग फासून तुमच्या गळ्यात मारलीय. असा दरवाजा आतून पोकळ झालेला असतो. जरा धक्का लागला की कागदासारखा चुरगळतो."

बबडीच्या आईचा चेहरा उतरला. तिने बबडीला उचलून घट्ट धरलं. त्या दिवसापासून तिने एकच धरून ठेवलं. या दाराचं काय झालंय ते कुणीतरी खरं सांगेपर्यंत बबडी या गाडीत बसणार नाही.

मला काय वाटलं असेल, विचार करा. मला सगळं माहीत होतं. नुसती साखळी लागली होती, मी आतून धडधाकट होते. एवढी दोन वाक्यं बोलता आली असती तरी त्या माउलीच्या जिवाचा घोर संपला असता.

बबडीला डॉक्टरकडे सुईला न्यायचं होतं, तर आजी, आई आणि बबडी रिक्षाने निघाल्या. आजींचा जळफळाट झाला. "दारात कोरी गाडी आणि आम्ही रिक्षात कोंबून! लोक हसतील नाहीतर काय. रंगाचं काय एवढं घेऊन बसलीस गं? तुला तर दुधात पण खडे दिसतात."

"दिसू देत, आई. मला हसतील तर हसतील. पण तिला तिथे बसवायला माझा जीव धजत नाही."

मालक म्हणाले, "अगं, तुला उगीच शंका येतात."

"मग माझी शंका फेडा. शोरूमला चला. मी विचारते."

"तू विचारणार?" ते जरा हसलेच. कारण ती बाहेर कुठे गेली की मागे उभी राहायची, बोलायचं काम त्यांचं. सातवीनंतर शाळा सुटलेली, चार माणसांत तोंड उघडताना तिची जीभ अडखळायची. पण सुट्टीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन माझ्यापाशी येऊन उभी राहिली. बबडीला काकूंकडे ठेवलं. आजी मात्र "मीपण येते, बघू दे काय म्हणतात" म्हणत पुढच्या सीटवर बसल्या. बबडीची आई मागे, त्याच दारापाशी बसली.

शोरूममध्ये मॅनेजरने माझ्याभोवती एक चक्कर मारली. बबडीच्या आईने पदर सावरला आणि विचारलं, "ही गाडी ठोकलेली आहे का? मला एवढंच सांगा."

"छे हो ताई! कोरी गाडी आहे. प्रकाश तिरका पडला की रंग असा वेगळा दिसतोच." मग त्याचं लक्ष त्या पांढुरक्या डागाकडे गेलं आणि त्याला धीर आला. "पण हे घासलंय कुणी? घासलेल्या रंगाचं आम्ही काही करू शकत नाही."

मालक एक शब्द खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते म्हणाले, "मी घासलं. टूथपेस्टने. तो डाग माझा आहे. पण रंगाच्या आतले धुळीचे खडे माझे नाहीत."

 आवाज ऐकून पेंटर शेडमधून बाहेर आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरकडे.

"साहेब, यांनी आपलं सांगून टाकलं. आता आपणही सांगू या."

मॅनेजरने नजर वळवली, पण त्याला अडवलं नाही. पेंटरने सगळं सांगितलं. साखळी, वारा, धूळ, दुसऱ्या दिवशीची घाई. बबडीची आई ऐकत होती आणि तिची बोटं पदराचं टोक पिळत होती.

"नुसतं ऐकून नाही समाधान व्हायचं माझं," ती हळूच म्हणाली. "मला आतून दाखवा."

पेंटरने माझ्या दरवाजाचं आतलं आवरण काढलं. बॅटरी दिली तिच्या हातात. "बघा ताई. आतला रंग कारखान्यातलाच आहे, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. आणि ही आडवी लोखंडी दांडी बघा. बाजूने धक्का बसला तर ही घेते. हात घालून बघा."

तिने हात आत घातला. त्या दांडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मग पुन्हा एकदा. माझ्या आत इतक्या खोलवर आजवर कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं, मी बोलते आहे आणि ती ऐकते आहे.

मॅनेजर खुर्चीत बसला. "चुकलंच माझं, ताई. शब्द मोडेल म्हणून घाई केली. सांगायला तरी हवं होतं. आता असं करतो, ही गाडी परत घेतो. अशीच दुसरी, याच रंगाची, मागवून देतो."

मालकांचा चेहरा खुलला. आजी म्हणाल्या, "हे बरं झालं!" आणि मी? माझ्यात गार व्हायला इंजिन तरी आहे, म्हणून सांगते, ते गार झालं.

बबडीच्या आईने विचारलं, "मग हिचं काय होणार?"

"जाईल दुसऱ्या कुणाकडे."

"त्यांना सांगाल? दाराचं?"

मॅनेजर टेबलावरची किल्ली इकडची तिकडे करत राहिला.

"मग नको," ती म्हणाली. "हीच राहू द्या. दार तेवढं नीट रंगवून द्या, लागतील तेवढे दिवस घेऊन."

"अगं पण नवी देतायत ना!" मालक म्हणाले.

"नवीचं आपल्याला काय ठाऊक? ती कुठे आपटली, कुठे घासली, कोण सांगणार? मी पुन्हा पहिल्यापासून घाबरत बसू? हिचं मला आतबाहेर सगळं माहीत झालंय." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दुसऱ्या कुणाचं पोर बसेल की हिच्यात, त्याच्या आईला काही न सांगताच."

आजींनी सुनेकडे बघितलं. मग बाकावर सरकून तिला शेजारी जागा करून दिली.

मला रंगाच्या बंद खोलीत नेलं. पेंटरने जुना रंग पार उतरवला, दाराला दार मिळेल अशी छटा जुळवली आणि गरम हवेत निवांत वाळू दिलं. बबडीला घेऊन सगळे मला न्यायला आले तेव्हा मॅनेजरने स्वतः मला उन्हात आणून उभं केलं. "इथे बघा, ताई." तिने हाताची मागची बाजू फिरवली. वरून खाली, खालून वर. मग मान हलवली.

आता मी तुमच्याकडे एवढंच मागते. नवी गाडी घ्याल तेव्हा तिला दिव्याखाली बघून भुलू नका, उन्हात बघा. हात लावून बघा. आमच्या अंगावर टूथपेस्ट घासू नका, दुखतं. आणि घरातली एखादी बाई घाबरून काही विचारत असेल तर तिला हसू नका. तिच्याबरोबर जाऊन ते विचारा.

मला घरी न्यायच्या त्या दिवशी परत येताना बबडी त्याच दारापाशी बसली होती, आणि तिला चिकटून तिची आई. मालकांनी घराच्या कोपऱ्यावर मला हळू केलं आणि आरशात मागे बघितलं. बबडी झोपली होती. तिच्या डोक्यावर गाल टेकून तिची आईही झोपली होती.

"काय करू? उठवू?" मालकांनी कुजबुजत विचारलं.

"उठवू नकोस," आजी म्हणाल्या. "जळू दे पेट्रोल. अजून एक चक्कर मार."

आवाज जमेल तेवढा कमी ठेवत मी वळले.