मी सोडले नाहीत ते केस

मित्रांनो, मी एका पांढऱ्या जीपचा जुना बंपर आहे. मेढ्यातल्या एका गॅरेजमागे घाणेरीच्या झुडपात पडून आहे. माझी कहाणी गोड नाही. मी सूड घेतला आहे आणि त्याचा मला पस्तावा नाही.

कारखान्यातल्या साच्यातून मी ऊनऊन बाहेर आलो. जीप घेतली साताऱ्याच्या ऋषिराज ठेकेदाराने. त्याच्या आईने मला हळदीकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. तो रोज सकाळी मला रुमालाने पुसायचा. मला वाटे, माणूस मायाळू आहे.

मागच्या चैत्रात, एका मंगळवारी, उजाडता उजाडता घाटात सांबराची मादी रस्त्यावर आली. जीप भरधाव होती. तिला धडकलो तो मीच. मला तडा गेला, ती कडेला कोसळली. तिचे पोट भात्यासारखे हलत होते. ऋषिराज खाली उतरला, हात फिरवला तो माझ्यावर, आणि निघून गेला. तेव्हाच मी त्याचा उरलो नाही. तिच्या मानेचे राठ केस माझ्या तड्यात अडकले होते. धुताना पाण्याचा फवारा आला, तरी मी ते सोडले नाहीत.

वनखात्याचे झेंगट नको म्हणून त्याने विम्याच्या अर्जात लिहिले, विजयमालाबाईंची मोकाट म्हैस आडवी आली. बाईंचा गोठा रस्त्यालगत. एकच म्हैस, तिच्याच दुधावर घर चाले. चौकीतही त्याने तक्रार ठोकली. म्हैस कोंडवाड्यात न्यायची भाषा सुरू झाली.

त्याच आठवड्यात विम्याचे तपासनीस सयाजीराव गोठ्यापाशी पाहणीला आले. ऋषिराजने ऐटीत माझ्याकडे बोट केले.

"हे बघा साहेब, म्हशीचे केस. अजून काय पुरावा पायजे?"

बाई आत गेल्या आणि म्हैस सोडून घेऊन आल्या. तेल लावलेली, पाटीसारखी गुळगुळीत.

"आवं सायब, हात फिरवून बघा. ह्यो म्हंतोय मंगळवारी धडकली. हिला तर त्येच्या आदल्या आयतवारीच भादरलीया, समद्या आळीनं बघितलंय. मग काय दुसरीची केसं लावून धडकली व्हय?"

माणसे हसली. सयाजीरावांनी चिमटा लावला. आता मात्र मी एकेक केस सुखाने सोडला.

"हे सांबराचे दिसतात," ते म्हणाले. "खरं लिहिलं असतं तर विमा मिळाला असता, ऋषिराज. जंगली जनावराची धडक विम्यात बसते. खोटा अर्ज बसत नाही."

केस तपासायला गेले आणि सांबराचेच ठरले. अर्ज फेटाळला गेला, वनखात्याने त्याचा जबाब घेतला. म्हैस आपल्या दावणीलाच राहिली. ऋषिराजने मला उपटून इथे भिरकावले, वर लाथ हाणली. माझ्या तुटक्या कडेने त्याची नडगी सोलली. मला बरे वाटले.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही गाड्या चालवाल. घाटात सावकाश जा. एखादे जनावर लागलेच तर वनखात्याला फोन करा आणि ते येईपर्यंत थांबा. पुढे असल्यामुळे मला मागचे काही दिसले नव्हते. पण आरशाने मला नंतर सांगितले, आम्ही वळणाआड जाईपर्यंत ती मान उचलून उठायची धडपड करत होती.